डांबरगोळी गेली कुठे?

गेल्या दिवाळीत आईच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीशेजारी चार डांबरगोळ्या टाकल्या होत्या. परवा ट्रंक उघडली तर दोन वाटाण्याएवढ्या उरलेल्या आणि दोन चक्क गायब. डाग नाही, भुकटी नाही. या गोळ्या नॅप्थलीनच्या, आणि कापराचं होतं तेच नॅप्थलीनचं होतं. ते न वितळता सरळ हवेत उडून जातं. हवेतून कपड्यांत, आणि झाकण उघडल्याबरोबर आमच्या नाकात. वास येतो याचा अर्थच त्या पदार्थाचे रेणू नाकात शिरलेत. ‘नुसता वास’ असं काही नसतं.

शरीरात गेलेल्या नॅप्थलीनपासून यकृतात अशी संयुगं बनतात की ती रक्तातल्या तांबड्या पेशींना छळतात. एवढ्याशा मात्रेत बहुतेकांच्या पेशी ते निभावून नेतात. पण काहींच्या शरीरात जन्मतःच तांबड्या पेशींना जपणारं जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांच्या पेशी फुटू लागतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हे झालं तर कावीळ इतकी चढू शकते की मेंदूला कायमची इजा होते. त्यात नॅप्थलीन तेलात सहज विरघळतं, आणि आपल्याकडे बाळाचं अंग तेलानं माखलेलं असतं. थोरल्याची झबली-दुपटी धाकट्याला वापरायची ही चांगली रीत आहे, फक्त ती ट्रंकेतून थेट पाळण्यात जाऊ नयेत. आधी धुवावीत आणि वास पुरता जाईपर्यंत उन्हात टाकावीत. खरं तर लोकर आणि रेशीम खाणारी कसर स्वच्छ सुती दुपट्याला सहसा तोंडही लावत नाही, तिथे गोळ्या टाकायचं कारणच नाही. युरोपीय संघानं २००८ मध्ये नॅप्थलीनच्या गोळ्यांवर बंदी घातली. आपल्या वाण्याकडे त्या अजून मिळतात.

डासांच्या कॉइलचंही तसंच. तिच्यात डासांवर चालणारं औषध अगदी थोडं, टक्क्याच्याही आत. बाकी सगळा भुसा, नारळाच्या करवंटीची पूड आणि चिकटवायचा डिंक. म्हणजे रात्रभर आपण उशाशी भुसा जाळतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण निघाल्याचं दिसलं. डास आत येऊ नयेत म्हणून खिडक्या बंद करून आपण ही लावतो, यावर काय बोलणार! मच्छरदाणी लावायचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे. तरी मच्छरदाणीच.

आता संडास-बाथरूम. पाहुणे यायचे असले की जरा जास्तच जोर चढतो. आधी ॲसिड ओतलं, डाग गेले नाहीत, मग वरून ब्लीचिंग पावडर टाकली. फरशी घासायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ब्लीचशी त्याची गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं सोडला होता तोच हा वायू. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाला नुसता ठसका लागतो, पण उकिडवं बसून घासणाऱ्या बाईच्या तोंडासमोरच तो दाटतो. फुप्फुसातल्या ओलाव्याशी मिळून त्याचं पुन्हा आम्ल होतं. त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो, म्हणून मोकळ्या हवेत येऊन बरं वाटलं तरी धाप लागतेय का याकडे लक्ष ठेवावं. एका दिवशी एकच बाटली वापरावी. मोलकरणीच्या हातात दोन्ही देऊन आपण हॉलमध्ये बसू नये.

इथवर निदान नाक कामाला आलं. गॅस गीझरपाशी तेही उपयोगाचं नाही. सिलिंडर गळला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. ज्योत पेटली की तो जळून जातो. थंडीत झडपांच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला असतो, ताजी हवा आत येत नाही, प्राणवायू कमी पडतो आणि गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. आंघोळीच्या वाफेनं होत असेल असं वाटतं आणि माणूस आणखी दोन तांबे पाणी अंगावर घेतो. आतून कडी असते आणि नळ चालू असतो, त्यामुळे बाहेरच्यांना बराच वेळ काही कळत नाही.

गीझर बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवून गरम पाणी नळीनं आत आणता येतं. ते जमत नसेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, आणि आतली हवा बदलली की मग कडी लावून आंघोळीला बसावं.