शिप की शीप? लांबी मोजू नका, जीभ बघा

शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी, हे पाठ सगळ्यांचं असतं पण बोलताना दोन्ही एकसारखेच निघतात आणि ऐकताना तर कोणतं कुठलं पत्ताच लागत नाही. याला कारण बरंचसं आपलं मराठी. आपल्याकडे शब्द अकारान्त असला की शेवटून दुसरी इ आपोआप लांबते, खीर, गरीब, वकील म्हणून बघा, तिथे ऱ्हस्व इ काढायला गेलं की जीभ अडते. हीच सवय इंग्रजीत जाते, मग फिशचं फीश आणि सिटचं सीट व्हायला कितीसा वेळ!

त्यावर सल्ला ठरलेला, एक छोटा म्हण आणि दुसरा लांबव. अर्धवट सल्ला आहे हा. इंग्रजीत स्वर किती लांबणार ते पुढच्या व्यंजनावरही असतं, ट, प, क आले की तो आखडतो आणि ड, ब, ग आले की सैल सुटतो, त्यामुळे बीटमधली 'लांब' ई आणि बिडमधली 'छोटी' इ मोजायला गेलात तर जवळपास सारखीच भरते.

खरी खूण तोंडात आहे. आरशासमोर शीप म्हणा, ओठांचे कोपरे कानाकडे ताणले जातात, जीभ वर आणि पुढे जाते. आता ओठ ढिले सोडा, जबडा किंचित खाली, जीभही जराशी खाली आणि मागे, आणि म्हणा शिप. आवाज थोडा ए कडे झुकल्यासारखा वाटेल, वाटू दे, तोच हवाय.

स्पेलिंगवरून अंदाज येतो, दोन व्यंजनांमध्ये एकटा आय असला तर बहुधा छोटी इ, डबल ई असली तर लांब. शेवटी ई चिकटली की किटचं काइट होतं, पण गिव्हला ती असूनही काही फरक पडत नाही. बिझीत यू आहे, विमेनमध्ये ओ, तरी उच्चार छोट्या इ चाच, आणि मशीनमध्ये साधा आय असून लांब ई. असले शब्द कानानेच धरायचे, दुसरा इलाज नाही.

पुल आणि पूल, म्हणजे ओढणं आणि पोहायचा तलाव, यांची भानगडही हीच, फक्त तिथे लांबवाल्याला ओठ ताणायच्या ऐवजी घट्ट गोल करायचे आणि छोट्याला जरा सैल सोडायचे.