अंब्रेला रिग (घरगुती बांधणी)

अंब्रेला रिग : एकाच दोरीला चार-पाच नकली मासोळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या फाकवून बांधण्याची गरीची रचना. पुढे शिशाचे किंवा इपॉक्सीचे छोटे डोके, त्यातून मागे पसरलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला स्विव्हल (पीळ न पडता गोल फिरणारी कडी) आणि क्लिप, आणि त्या क्लिपला एकेक आमिष. पाण्यातून ओढली की बारक्या माशांचा थवा चालल्यासारखी दिसते. काठीने फेकता येईल अशा तिच्या हलक्या, पाच तारांच्या रूपाला अलाबामा रिग हे नाव पडले आहे.

गऱ्यांची माळ ही वेगळी गोष्ट. जपानी साबिकीत किंवा ब्रिटनच्या किनाऱ्यावर बांगड्याच्या तिकडच्या जातभाईसाठी वापरतात त्या पिसांच्या माळेत एका उभ्या दोरीवर ओळीने गऱ्या असतात आणि दर गरीला एक लहान मासा लागावा अशी अपेक्षा असते. अंब्रेला रिगवाल्याला मोठा शिकारी मासा हवा असतो. एक आमिष त्याने तोंडात घ्यावे म्हणून बाकीची त्याच्यासमोर पोहत असतात.

ही रचना मुळात खाऱ्या पाण्यातली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यूयॉर्कजवळच्या माँटॉकपासून खाली चेसापीक उपसागरापर्यंत, स्ट्राइप्ड बास आणि ब्लूफिश या शिकारी माशांसाठी होडीमागून ओढायच्या जड अंब्रेला रिग कित्येक दशके वापरात होत्या. त्यांना रबरी नळीचे तुकडे आमिष म्हणून लावत. पाण्यात ते सँड ईल या बारीक, लांबट माशासारखे वळवळत. अलाबामातल्या मसल शोल्सच्या अँडी पॉस यांनी तीच कल्पना हलकी करून गोड्या पाण्यात, काठीने फेकण्यासाठी आणली. ऑक्टोबर २०११ मध्ये टेनेसी नदीवरच्या गंटर्सव्हिल जलाशयात झालेली, एफएलडब्ल्यू ह्या संस्थेची बास पकडण्याची स्पर्धा पॉल इलायस यांनी ह्या रिगवर जिंकली. चार दिवसांत त्यांनी १०२ पौंड ८ औंस, म्हणजे सुमारे ४६.५ किलो, लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा तोलून दाखवला. इलायस काही नवखे नव्हते, १९८२ ची बासमास्टर क्लासिक ही बास मासेमारीतली मोठी स्पर्धा त्यांच्या नावावर होती. तरी त्या आठवड्यानंतर चर्चा झाली ती तारांच्या ह्या जुडग्याची. दुकानांतला माल संपला, आणि ज्यांना मिळाला नाही त्यांनी पकड हातात घेतली. घरगुती बांधणीची लाट तिथून उठली.

विरोधही लगेच झाला. बास मासेमारीच्या स्पर्धा भरवणाऱ्या बी.ए.एस.एस. ह्या संस्थेने आपल्या वरच्या दर्जाच्या स्पर्धांत ती वापरू दिली नाही. कौशल्य माणसाचे की तारेचे, असा आक्षेप होता. अमेरिकेच्या काही राज्यांत एका दोरीवर किती गऱ्या चालतील याचे नियम आहेत. टेनेसीत अशा रिगवर तीनच गऱ्या ठेवता येतात. म्हणून बांधणारे दोन आमिषे बिनगरीची लावू लागले. ह्या सक्तीतून एक चांगली गोष्ट उघड झाली, ती अशी की बिनगरीच्या आमिषांनी रिगचे काम फारसे बिघडत नाही.

कारण शिकारी माशाच्या नजरेत आहे. थव्यात सगळे सारखे दिसले की नेमका कोणता धरायचा हे त्याला ठरवता येत नाही. थव्याने राहण्याचा फायदा तोच. पण एखादा मागे पडला, रंगाने वेगळा दिसला किंवा वाकडा पोहू लागला, की हल्ला त्याच्यावर होतो. रिग बांधताना हे सूत्र धरून चालावे. कडेची चार आमिषे एका रंगाची आणि लहान, मधले थोडे मोठे, वेगळ्या रंगाचे आणि चार-पाच सेंटिमीटर मागे लोंबणारे. बहुतेक झडप त्या मधल्यावर पडते. गरी खरी हवी ती तिथे, आणि फार तर खालच्या दोन तारांवर.

खर्च वाचतो तो इथेच. पाच उत्तम आमिषे विकत घेण्याची गरज नाही. कडेला फाटकी, शेपटी चावलेली, जुन्या डब्यातली रबरी मासोळी चालते. डोक्यासाठी गोळी-आकाराचे भोक पडलेले शिसे चालते. ज्या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत त्या म्हणजे तार आणि स्विव्हल. नावावरून जुन्या छत्रीच्या काड्या वापरायचा मोह होतो, पण त्या पन्हळी असतात, टोकाला वळवताना मोडतात आणि गंजतात. सायकलचा आरा साधारण २ मिमी जाड. फेकायच्या रिगला तो फार ताठ होतो. टिग वेल्डिंगसाठी मिळणाऱ्या स्टेनलेसच्या सळया मात्र उत्तम: सरळ, स्वस्त, आणि १ ते १.२ मिमी जाडीत लवचिकही. समुद्रासाठी ३१६ प्रतीची घ्यावी, मिठाला ती जास्त टिकते.

बांधणी अशी. २० ते २२ सेंटिमीटरचे चार तुकडे आणि त्यांहून चांगला लांब एक तुकडा कापावा. लांब तुकडा मधला. त्याच्या पुढच्या टोकाला नोज प्लायरने डोळा करून तार स्वतःभोवती तीन वेढे गुंडाळावी. दोरी ह्याच डोळ्याला बांधली जाणार, म्हणून हा सांधा उघडा राहता कामा नये. बाकीचे चार तुकडे पुढच्या बाजूने २ सेंटिमीटर आकड्यासारखे वळवून मधल्या तारेभोवती रचावेत आणि बारीक तांब्याच्या तारेने घट्ट लपेटावेत. वळवलेल्या टोकांचे काम महत्त्वाचे: सरळ तार डोक्यातून उपटून येते, वळवलेली येत नाही. मग लपेटलेल्या भागावर डाख द्यावा, किंवा वरून शिसे सरकवून आतली पोकळी इपॉक्सीने भरावी आणि रात्रभर सुकू द्यावी. दुसऱ्या दिवशी तारा अंगठ्याने हळूहळू, कमानीसारख्या फाकवाव्यात आणि टोकांना लहान डोळे करून त्यांत स्विव्हल घालावेत.

साच्यात शिसे ओतून डोके बनवणारेही आहेत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. साच्यात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले शिसे अंगावर उडते, आणि शिशाची बारीक धूळ व वाफ मुलांच्या मेंदूला घातक असते. स्वयंपाकघरात, स्वयंपाकाच्या भांड्यात हे काम कधीच करू नये. पहिल्यांदा बांधणाऱ्याने इपॉक्सीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोल साधायला खालच्या दोन तारांवर वरच्यापेक्षा जड जिग-हेड (शिशाचे डोके जडवलेली गरी) लावतात, म्हणजे रिग पाण्यात गरगर फिरत नाही. १४ ग्रॅमचे डोके, सरासरी साडेतीन ग्रॅमची पाच जिग-हेड आणि १० सेंटिमीटरच्या रबरी मासोळ्या धरल्या तर वजन ७० ग्रॅमच्या आसपास जाते. त्याला सव्वादोन-अडीच मीटरची दणकट काठी आणि ६५ पौंडांची वेणीची दोरी लागते. हलक्या तंगुसावर हे फेकले तर झटक्याने दोरी तुटते आणि शिसे-गऱ्यांचे जुडगे शेजारच्याच्या डोक्याकडे जाते. फेकताना मनगट झटकायचे नाही, दोन्ही हातांनी संथ झोका द्यायचा. ओढणेही संथ, अधूनमधून क्षणभर थांबले की तारा उमलतात आणि थवा बिचकल्यासारखा दिसतो.

तिचा खरा हंगाम थंड पाण्याचा. हिवाळ्यात शॅड हे मासे, आपल्या पाला माशाचे (हिलसाचे) नातलग, मोकळ्या पाण्यात अधांतरी थवे करून राहतात आणि बास त्यांच्या मागावर असतात. म्हणूनच आपल्याकडे ती सरसकट आणून उपयोग नाही. कटला, रोहू नकली मासोळीमागे जात नाहीत. मरळ शिकारी असली तरी दबा धरून बसते ती पाणवनस्पतींत, आणि तिथे पाच तारांची रिग पहिल्याच फेकीत अडकते. सुरमईचे दात रबराच्या शेपट्या कापून नेतात. होडीमागून, मोकळ्या पाण्यात, थव्यांच्या कडेने ओढण्यापुरता तिचा विचार करावा. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांना विचारल्याशिवाय गरी टाकू नये.

खोडात किंवा खडकात अडकली तर पाच आमिषे एकदम जातात, आणि तळाशी राहिलेल्या गऱ्या माशांना व पक्ष्यांना जखमी करत राहतात. यावर घरगुती उपाय म्हणजे गऱ्या बारीक तारेच्या घेणे. जोर लावला की गरी सरळ होऊन सुटते, दोरी शाबूत राहते. गरी पकडीने पुन्हा वाकवून घेता येते. वापरानंतर रिग गोड्या पाण्यात धुऊन, तारा मिटवून नव्हे तर पसरलेल्याच ठेवून टांगावी. डोक्यातून तार बाहेर पडते त्या जागी पुन्हा पुन्हा वाकल्याने ती थकते. तिथे नखाला खाच लागली की ती रिग मोडीत काढावी, स्विव्हल आणि क्लिप तेवढे पुढच्या बांधणीसाठी काढून घ्यावेत.