सिग्नल काढायलाही परवानगी लागते : अमेरिकी रेल्वेतल्या एका नियमाची पार्श्वभूमी

अमेरिकेत मालगाड्यांचे बहुतेक मार्ग खासगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत. जमीन त्यांची, रूळ त्यांचे, सिग्नलचे खांबही त्यांचेच. तरीही अशा कंपनीला स्वतःच्या मार्गावरचे सिग्नल उतरवायचे असतील, तर आधी फेडरल रेलरोड अॅडमिनिस्ट्रेशन म्हणजे एफआरए या केंद्रीय यंत्रणेकडे अर्ज करावा लागतो. अर्जाची सूचना सरकारी राजपत्रात छापली जाते, हरकती मागवल्या जातात आणि मंजुरी हाती आल्यावरच खांबाला हात लावता येतो. गाड्या कमी झाल्या म्हणून सिग्नल काढायचे असोत की नवी यंत्रणा आली म्हणून, रस्ता एकच. ही अट आली कुठून हे पाहायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात ट्रॅक सर्किटपासून. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये बंद, म्हणजे सतत वीज वाहणाऱ्या, ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं आणि अमेरिकेतलं स्वयंचलित सिग्नलिंग त्यावर उभं राहिलं. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना विजेपुरता तोडायचा, एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, जोडायचा. रुळांतून वीज वाहत असेपर्यंत रिले उचललेला राहतो. गाडी त्या तुकड्यात शिरली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेला वीज मिळेनाशी होते, तो खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळच तडकून वेगळा झाला तरी रिले पडतो. रूळ तुटल्याची ही आपोआप मिळणारी वर्दी पुढे प्रत्येक वादात डोकं वर काढते. सिग्नल काढले की ती वर्दीही जाते.

१९२० च्या ट्रान्सपोर्टेशन अॅक्टने इंटरस्टेट कॉमर्स कमिशनला, म्हणजे आयसीसीला, गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवायचा हुकूम देण्याचा अधिकार दिला. १९२२ मध्ये आयसीसीने ४९ कंपन्यांना प्रत्येकी एका प्रवासी विभागावर अशी यंत्रणा बसवायला सांगितलं आणि १९२४ मध्ये हुकूम आणखी वाढवला. कंपन्या नाराज होत्या. खर्च मोठा, तंत्र कच्चं, शिवाय एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर चालत नसे. १९२८ पर्यंत आयसीसीने नवे हुकूम काढणं थांबवलं. मंदी आल्यावर वारं उलटं फिरलं. बसवलेली यंत्रणा काढायची किंवा सौम्य करायची परवानगी मागणारे अर्ज येऊ लागले. आपोआप ब्रेक लावणारा भाग वगळून चालकाच्या केबिनमध्ये नुसता सिग्नल दाखवणारी व्यवस्था ठेवू द्या, ही त्यातली नेहमीची मागणी, आणि ती बऱ्याच ठिकाणी मान्यही झाली.

२६ ऑगस्ट १९३७ च्या सिग्नल इन्स्पेक्शन अॅक्टने या व्यवहाराला कायद्याची चौकट दिली. कंपन्यांनी सिग्नलची उभारणी, तपासणी आणि दुरुस्ती यांचे आपले नियम आयसीसीकडे दाखल करायचे, आणि मंजूर झालेले नियम बंधनकारक. त्या दिवशी वापरात असलेली किंवा पुढे बसवली जाणारी कोणतीही ब्लॉक सिग्नल (पुढच्या तुकड्यात गाडी आहे का ते सांगणारी), इंटरलॉकिंग (सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागा, आणि सिग्नल यांचा मेळ राखणारी) वा ट्रेन कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप आवरणारी) यंत्रणा मंजुरीशिवाय बंद करायची नाही, की तिच्यात महत्त्वाचा बदल करायचा नाही. इथे एक मेख आहे. सरकारने सांगितलं म्हणून बसवलेली यंत्रणा आणि कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी बसवलेली यंत्रणा, असा फरक कायद्याने केला नाही. हौसेने बसवली तरी काढायला अर्ज. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त सिग्नल बसवण्याआधी कंपनीचा हिशेबनीस दोनदा विचार करतो, आणि त्याचं चुकतं असं म्हणवत नाही.

पुढचं वळण इलिनॉयमधल्या नेपरव्हिलचं. २५ एप्रिल १९४६ रोजी बर्लिंग्टन रेल्वेची एक प्रवासी गाडी तपासणीसाठी अचानक थांबली. मागून त्याच रुळावर येणारी ‘एक्स्पोझिशन फ्लायर’ तिच्यावर आदळली आणि किमान ४५ माणसं गेली. मागचे सिग्नल चालू होते. गाडी जास्त वेगात होती आणि वेळेत थांबू शकली नाही. १९४७ मध्ये आयसीसीने वेगाला सिग्नलशी बांधलं. प्रवासी गाडी ताशी ६० मैल किंवा मालगाडी ५० मैल किंवा त्याहून वेगाने चालवायची, तर ब्लॉक सिग्नल हवेत. कोणतीही गाडी ८० मैल किंवा त्याहून वेगाने चालवायची, तर केबिन सिग्नल, स्वयंचलित थांबा किंवा ट्रेन कंट्रोल हवं.

आयसीसीला वाटलं असेल की कंपन्या यंत्रणा बसवतील. पुष्कळांनी वेग कमी केला. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या गाड्या आजही कितीतरी मार्गांवर ७९ मैलांवर अडकलेल्या दिसतात, त्याचं मूळ या हुकुमात आहे. सिग्नल काढण्याच्या अर्जांचं गणितही यातूनच निघालं. सिग्नल नसलेल्या पट्ट्याला तिथे डार्क टेरिटरी म्हणतात, आणि तिथे मालगाडीला ४९, प्रवासी गाडीला ५९ मैलांची मर्यादा. ज्या मार्गावर दिवसाला दोन-चार मालगाड्या चाळीसच्या वेगाने जातात, तिथे ही मर्यादा कंपनीला टोचत नाही. तिथे सिग्नल म्हणजे नुसता देखभालीचा खर्च.

तो खर्च कशाचा हे बाहेरून पटकन कळत नाही. नियमाप्रमाणे रुळांवर ०.०६ ओहम रोधाची तार आडवी टाकली तरी ट्रॅक सर्किटने गाडी असल्यासारखं वागलं पाहिजे. रिलेच्या चाचण्या प्रकारानुसार ठरलेल्या मुदतीत करायच्या, काही चार वर्षांनी, काही त्याहून लवकर. इंटरलॉकिंगच्या कुलपांच्या, सांध्यांच्या चाचण्या वेगळ्या, आणि प्रत्येकीची नोंद ठेवायची. त्यात जुन्या मार्गांवर रुळालगत खांबांवरून गेलेल्या उघड्या तारा. वादळात झाड पडलं की तार तुटते, तांब्याचा भाव चढला की चोर येतात. गाड्या कमी झाल्या की आणखी एक त्रास सुरू होतो. रुळांच्या माथ्यावर गंज चढतो, चाकं आणि रूळ यांच्यात नीट वीज वाहत नाही आणि गाडी उभी असूनही रिले उचललेला राहू शकतो. हा दोष घातक आहे, कारण तो सुरक्षित बाजूला झुकत नाही.

१९५० च्या दशकात मागण्यांचा रोख बदलला. १९२७ मध्ये ओहायोत पहिल्यांदा उभी राहिलेली सीटीसी, म्हणजे दूरच्या एका टेबलावरून सांधे आणि सिग्नल हलवण्याची पद्धत, आता सर्वत्र पोचली होती. प्रवासी गाड्या घटत होत्या. दुहेरी मार्गावरचे एकाच दिशेचे सिग्नल काढायचे, एक रूळ उचलायचा, उरलेल्यावर दोन्ही दिशांची सीटीसी बसवायची, असा हिशेब सुरू झाला. न्यूयॉर्क सेंट्रलने बफलो ते क्लीव्हलंडचा चौपदरी मार्ग दुपदरी केला. इलिनॉय सेंट्रलने १९८० च्या दशकाच्या शेवटी शिकागो-न्यू ऑर्लिन्स मार्गाचा दुसरा रूळ काढायला घेतला. १९६७ मध्ये एफआरए सुरू झाली आणि आयसीसीचं रेल्वे सुरक्षेचं काम तिच्याकडे आलं, पण नियमाचा गाभा तोच राहिला. आज तो फेडरल नियमावलीच्या ४९ व्या खंडात भाग २३५ म्हणून आहे.

अर्जात काय लागतं? अर्जदार कंपनी आणि तिचा त्या मार्गाशी संबंध, जवळचं स्टेशन आणि राज्य, कोणते रूळ, नेमका बदल, कारण, काम सुरू आणि पूर्ण होण्याच्या अंदाजे तारखा, गाडी चालवण्याच्या पद्धतीत पडणारा फरक, सुरक्षेवर परिणाम होतो का आणि होत असल्यास कसा, आणि बदलानंतरची व्यवस्था नियमांत बसते का. सोबत नकाशा, आजची आणि प्रस्तावित मांडणी दाखवणारा, सिग्नलना क्रमांक दिलेला, प्रत्येक रुळावर वाहतुकीच्या दिशेचा बाण असलेला. हरकतींसाठी साधारण दीड-दोन महिने मिळतात. हरकत बहुतेकदा सिग्नल कामगारांच्या किंवा इंजिनचालकांच्या संघटनेची असते आणि मुद्दा बहुधा तुटलेल्या रुळाचा. सुनावणी क्वचित होते. सूचनेतच लिहिलेलं असतं की वस्तुस्थिती पाहता तिची गरज वाटत नाही.

सगळ्याच कामांना अर्ज लागत नाही. मार्गच रीतसर बंद झाला तर तिथले सिग्नल काढायला लागत नाही. पूर, आग, वादळ किंवा गाडी घसरल्याने यंत्रणा कोलमडली तर सहा महिन्यांपर्यंत ती बंद ठेवता येते. ताशी २० मैलांपेक्षा जास्त वेगाने गाड्या जात नाहीत अशा हाताने फिरवायच्या सांध्यावरचं विजेचं कुलूपही काढता येतं.

मंजुरीनंतरचं काम वाटतं तितकं सरळ नाही. पट्ट्याच्या टोकाला इंटरलॉकिंग उरणार असेल तर त्याच्या आधीचा सूचक सिग्नल ठेवावाच लागतो, नाहीतर चालकाला लाल दिवा एकदम समोर दिसेल. फाटकाची घंटा आणि अडसर पुष्कळदा सिग्नलच्याच ट्रॅक सर्किटवर चालतात. सर्किट उचलण्याआधी फाटकाचं सर्किट वेगळं करून तपासावं लागतं. दरड कोसळल्याची वर्दी देणारं कुंपण, गाडीखाली लोंबकळणारा भाग ओळखणारं यंत्र, हेही त्याच तारांवर असू शकतं. आणि सर्वांत अवघड म्हणजे हाताने फिरवायचे सांधे. सिग्नल असताना सांधा चुकीच्या बाजूला राहिला की त्याच्या पेटीतला संपर्क तुटतो आणि आधीचा सिग्नल लाल होतो. सिग्नल गेले की सांधा मूळ जागी आहे याची खात्री उरते ती फक्त शेवटच्या माणसाच्या शब्दावर.

दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रॅनाइटव्हिलमध्ये ६ जानेवारी २००५ च्या पहाटे हेच घडलं. पट्टा सिग्नल नसलेला, वेगमर्यादा ४९. आदल्या संध्याकाळी एका गाडीच्या लोकांनी गाडी कारखान्याच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, लावली आणि मुख्य मार्गाचा सांधा तसाच सोडला. पहाटे आलेली मालगाडी वळून उभ्या गाडीवर गेली, क्लोरीनचा टँकर फुटला आणि नऊ माणसं दगावली. एफआरएने त्याच वर्षी सांध्यांबद्दल तातडीचा आदेश काढला आणि पुढे त्याचे नियम झाले.

मग १२ सप्टेंबर २००८ ला कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थचा अपघात झाला. २५ मृत्यू. महिनाभरात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल, म्हणजे चालक चुकला तर गाडी आपोआप थांबवणारी पीटीसी यंत्रणा, सक्तीची केली. मुदत आधी २०१५ ची, मग २०१८, आणि शेवटी २०२०. डिसेंबर २०२० मध्ये ५७,५३६ मैलांवर ते चालू झाल्याचं एफआरएने जाहीर केलं. सुरक्षा वाढवणाऱ्या या कायद्याने सिग्नल बदलण्याच्या अर्जांची लाट आणली. पीटीसीच्या इंजिनवरच्या संगणकाला खांबावरचा सिग्नल काय दाखवतो आणि सांधा कुठे आहे हे रेडिओवरून कळावं लागतं. उघड्या तारांच्या जुन्या रिले-पेट्यांना तशी जोडणी देत बसण्यापेक्षा सगळंच बदलणं स्वस्त पडत होतं. खांबावर हलणारा हात असलेले जुने सिग्नल आणि एकाच भिंगातून रंग बदलणारे सर्चलाइट सिग्नल त्या काळात झपाट्याने गेले, रेल्वेप्रेमींना हळहळ लावून. २०१४ मध्ये एफआरएने पीटीसीशी थेट संबंध असलेल्या बदलांसाठी अर्जाची जलद वाटही ठेवली.

बदल करताना मधल्या काळात सिग्नल बंद ठेवावे लागतात. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण कॅरोलायनातच, केसी इथे, सीएसएक्सच्या मार्गावर पीटीसीच्या कामासाठी सिग्नल तात्पुरते बंद होते. गाड्या कंट्रोलरच्या तोंडी परवानगीवर धावत होत्या, वेग प्रवासी गाडीला ५९ पर्यंत. एका मालगाडीच्या माणसांनी सायडिंगला जाऊन सांधा मुख्य मार्गाकडे परत फिरवला नाही, पण फिरवल्याचं कळवलं. अॅमट्रॅकची ९१ क्रमांकाची गाडी त्या सांध्यावरून उभ्या मालगाडीवर गेली आणि चालक व कंडक्टर ठार झाले. नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने २०१९ च्या अहवालात सिग्नल बंद असतानाच्या वाहतुकीचा धोका सीएसएक्सने नीट मोजला नव्हता हे नोंदवलं. आपल्याकडे अशा कामासाठी सिग्नल विभाग स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो देतो आणि काम संपल्यावर जोडणीचा मेमो. पद्धत चांगली आहे, पण मेमोमुळे सांधा आपोआप फिरत नाही. केसीसारख्या जागी वेग उतरवून गाडी सांध्याआधी थांबवणं आणि सांधा डोळ्यांनी पाहणं, एवढाच भरवशाचा उपाय आहे.

पीटीसी आल्यावर कंपन्यांचा युक्तिवाद पुढे सरकला आहे. केबिनमध्ये सगळं दिसतं, मग रुळालगतचे खांब कशाला? ईशान्येकडच्या काही मार्गांवर मधले सिग्नल काढून फक्त इंटरलॉकिंगचे ठेवलेत, कारण तिथे केबिन सिग्नल आधीपासून आहेत. त्यालाही इतिहास आहे. ४ जानेवारी १९८७ ला मेरीलंडमधल्या चेसच्या रेल्वे अपघातात १६ माणसं गेली, त्या इंजिनांच्या केबिन सिग्नलची शिटी चिकटपट्टीने दाबून ठेवलेली सापडली, आणि ब्रेक आपोआप लावणारा भाग त्या इंजिनांवर नव्हता. मालवाहू कंपन्यांनी निवडलेली पीटीसीची मुख्य पद्धत मात्र जुन्या सिग्नलवर बसवलेला थर आहे. खालचे सिग्नल काढले तर वरच्या थराला माहिती मिळत नाही. रूळ तुटल्याची वर्दी अजूनही रॉबिन्सनच्या ट्रॅक सर्किटकडूनच येते. त्यामुळे असा अर्ज वाचताना पहिला प्रश्न असा असतो की काय निघतंय, खांबावरचा दिवा की रुळांतलं सर्किट. दिवा काढून सर्किट ठेवणार असतील तर हरकत घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा लंगडा पडतो. दोन्ही काढणार असतील तर वेगाचा आकडा, मालाचा प्रकार आणि हाताने फिरवायच्या सांध्यांची यादी पाहावी लागते.