लघवीतल्या पुड्या : किडनी आणि एक्झोसोमबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

अलीकडे आमच्या लॅबच्या काउंटरवर एक प्रश्न सारखा येतो. मोबाइल पुढे करून कुणीतरी व्हिडिओ दाखवतं आणि विचारतं, "भाऊ, थे एक्झोसोमची टेस्ट तुमच्याइथं होते काय?" कुणाला सुईबद्दल विचारायचं असतं, कुणाला सलाईनमधून द्यायच्या डोसबद्दल. उत्तर सरळ आहे : टेस्ट होत नाही, आणि सुई आम्ही देत नाही. पण प्रश्न चांगला आहे, त्यामागं खरं विज्ञान आहे, आणि मागे रांग उभी असताना ते नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक छापलं.

पुडी म्हणजे काय

शरीरातल्या पेशी स्वतःच्याच आवरणाचा तुकडा वळवून त्यात थोडा माल बांधतात आणि बाहेर सोडतात. पूर्वी किराणा दुकानात रद्दीच्या कागदात जिरं-मोहरी बांधून मिळायची, तशी ही पुडी समजा. शास्त्रातलं नाव एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल. त्यातली सगळ्यात बारीक जात म्हणजे एक्झोसोम. या पुड्या पेशीच्या आत एका पिशवीत तयार होतात. पिशवी काठाला येऊन उघडली की बाहेर पडतात. थोड्या मोठ्या पुड्या पेशीच्या काठावरच फुगून तुटतात. आत प्रथिनं असतात आणि आरएनएचे तुकडे, म्हणजे काय बनवायचं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या.

आकार किती? कापसाचा एक तंतू बोटांत धरा. त्याची जाडी साधारण १२ ते २० मायक्रोमीटर. एक्झोसोम असतो ३० ते १५० नॅनोमीटरचा. म्हणजे त्या तंतूच्या जाडीवर अशा शंभर-दीडशे पुड्या सहज एका ओळीत बसतील.

१९६७ मध्ये पीटर वुल्फ यांना रक्तातल्या प्लेटलेट्समधून निघालेले असे कण दिसले, तेव्हा त्यांनी त्यांना 'प्लेटलेटची धूळ' म्हटलं. पुढं बरीच वर्षं हा पेशीनं बाहेर टाकलेला कचराच समजला गेला. २००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की एका पेशीच्या पुडीतली चिठ्ठी दुसऱ्या पेशीत पोचते आणि तिथं वाचलीही जाते. तेव्हापासून कचऱ्याला टपालाचा मान मिळाला.

किडनीशी काय संबंध

एका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. प्रत्येक गाळणीपुढं लांब, वळणावळणाची नळी असते. तिच्या प्रत्येक टप्प्यावरच्या पेशी वेगळ्या, आणि प्रत्येक टप्पा वाहत्या लघवीत आपापल्या पुड्या सोडत असतो. गाळणी शाबूत असेल तर रक्तातल्या पुड्या सहसा तिच्यातून पार होत नाहीत. त्यामुळं लघवीत सापडतात त्या बहुतेक किडनीच्या आणि तिच्याखालच्या मार्गाच्याच असतात.

२००४ मध्ये अमेरिकेत मार्क नेपर यांच्या गटानं लघवीतल्या या पुड्या वेगळ्या काढून तपासल्या. त्यांत किडनीच्या प्रत्येक टप्प्यावरची प्रथिनं निघाली. पुडीच्या कागदावरची छपाई वाचून ती कुठल्या दुकानातली ते ओळखावं, तसंच हे. पोडोकॅलिक्सिन नावाचं प्रथिन दिसलं तर माल गाळणीचा. अ‍ॅक्वापोरिन-२ दिसलं तर शेवटच्या नळीचा, जिथं पाणी परत घेतलं जातं. आज किडनीच्या आत नेमकं काय बिघडलं ते बघायला पाठीतून सुई घालून बारीक तुकडा काढावा लागतो, त्याला बायोप्सी म्हणतात. तेच लघवीतून कळलं तर? संशोधकांचा सगळा जीव या प्रश्नात अडकला आहे, आणि आम्हाला तो योग्य ठिकाणी अडकलेला वाटतो.

या पुड्या नुसत्या खुणा नसतात, कामही करतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये दिसलं, की पाणी शोषणारं प्रथिन पुडीतून शेजारच्या पेशीला मिळतं. लघवीतल्या पुड्या जंतूंची वाढ रोखतात असंही आढळलं आहे. पण टपालातून वाईट बातमीही जाते. साखरेच्या माऱ्यात गाळणीच्या पेशी जास्त पुड्या सोडायला लागतात. मधुमेही उंदरांत ही वाढ लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, गाळणी पाझरली की लघवीत उतरतं) दिसण्याच्या आधी सापडली. दुखावलेल्या नळीच्या पेशी शेजाऱ्यांना 'इथं जखम आहे, धागे विणा' अशी चिठ्ठी पाठवतात. शेजारी विणत बसतात, आणि किडनीत जाळं धरतं. एकदा धरलेलं जाळं सहसा मागं फिरत नाही.

आपल्या भागात सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो रक्ताचा आजार) आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सिकलसेलमध्ये तुटणाऱ्या लाल पेशी अशा खूप पुड्या रक्तात सोडतात. उंदरांवरच्या प्रयोगात याच पुड्यांनी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या. सिकलसेलच्या मुलाची लघवी दहाव्या वर्षापासून दरवर्षी तपासायला सांगतात, कारण या आजारात किडनीला इजा लवकर होऊ शकते.

मग टेस्ट का नाही

आमचं सेंट्रिफ्यूज पाच मिनिटं फिरवलं की लघवीतल्या पेशी तळाशी बसतात. या पुड्या बसवायला गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर देणारं यंत्र लागतं, आणि बसल्या तरी साध्या मायक्रोस्कोपला त्या दिसत नाहीत. वरून लघवीत युरोमोड्युलिन नावाचं एक चिकट प्रथिन असतं. ते गार झाल्यावर जाळं करतं आणि पुड्या त्यात अडकवून ठेवतं. (डबी बराच वेळ ठेवल्यावर आत ढगासारखं काही दिसलं, तर त्यात बऱ्याचदा हेही असतं, तेवढ्यानं घाबरू नका.) वेगळ्या काढण्याच्या पद्धती जागोजागी निराळ्या, त्यामुळं किती असल्या म्हणजे ठीक, हा आकडाच अजून पक्का नाही. ज्या आकड्याचा अर्थ डॉक्टर लावू शकत नाहीत, त्याचे पैसे तुमच्याकडून घेणं आम्हाला पटत नाही.

सुई आणि सलाईनचं प्रकरण वेगळं आहे. २००९ मध्ये इटलीतल्या तुरीन इथल्या गटानं मूळ पेशींच्या (स्टेम सेल, ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात) पुड्या किडनी दुखावलेल्या उंदरांना दिल्या आणि किडनी सुधारायला मदत झाली. नंतर माणसांवरही छोटे प्रयोग झाले. पण एवढ्यावर कुणी 'डायलिसिस सुटेल' म्हणत असेल, तर तो तुमच्या वावरावर डोळा ठेवून बोलतोय असं समजा. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१९ मध्येच लोकांना अशा उत्पादनांबद्दल सावध केलं होतं. त्यांनी एकाही एक्झोसोम उत्पादनाला मंजुरी दिली नव्हती, आणि ती घेतलेल्या काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता.

आज काय करता येतं

दोन साध्या तपासण्या. एक, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (क्रिएटिनिन म्हणजे किडनी बाहेर टाकते तो स्नायूंचा कचरा; आकडे मिलिग्रॅम/ग्रॅममध्ये) : ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे गाळणी पाझरू लागली, ३०० च्या वर म्हणजे डॉक्टरांकडे लवकर जा. दोन, रक्तातलं क्रिएटिनिन. याची एक खोड आहे : किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. म्हणून 'क्रिएटिनिन बरोबर आहे, लघवी कशाला' असं म्हणू नका. शुगर किंवा बीपी असेल तर दोन्ही वर्षातून एकदा करा. खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणी खारं आहे तिथली माणसं पाण्याला दोष देतात, तो असेल-नसेल. पण भर उन्हात वेचणी करून, पाणी न पिता, वरून रोज दुखण्याची गोळी खाणं किडनीला नक्कीच झेपत नाही.

सॅम्पल सकाळच्या पहिल्या लघवीचं द्या, सुरुवातीची धार सोडून मधली. अंगात ताप असताना, पाळीत किंवा आदल्या दिवशी जड काम झालं असेल तर थांबा. अल्ब्युमिन उगाच वाढलेलं दिसतं. एकदा वाढलेलं आलं तर लगेच आजार ठरवत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत तीनदा बघतात आणि त्यातले दोन वाढलेले आले तरच मानतात.

आणि बाटली. मागच्या उन्हाळ्यात एक काका कोल्ड्रिंकच्या बाटलीत सॅम्पल घेऊन आले, गाडीच्या डिक्कीतून, दुपारी एक वाजता. पट्टीवर साखर दिसली. काकांचं तोंड उतरलं. घरी कुणालाच शुगर नव्हती. बाटली हुंगल्यावर आमच्या लक्षात आलं. नव्या डबीत परत सॅम्पल घेतलं, साखर नव्हती. चूक आमचीही होती. आदल्या दिवशी ते विचारायला आले तेव्हाच डबी हातात द्यायला हवी होती. आता ती काउंटरवर फुकट ठेवलेली असते, आदल्या संध्याकाळी घेऊन जा. सॅम्पल दोन तासांच्या आत आणा. लांबून येत असाल तर ओल्या फडक्यात गुंडाळून, सावलीत. मागच्या वर्षीचा रिपोर्ट असेल, तोही सोबत असू द्या.