अँबिसॉनिक ध्वनी : स्पीकरांची संख्या

अँबिसॉनिक पद्धतीने श्रोत्याभोवतीचे ध्वनिक्षेत्र चहूबाजूंनी, आणि हवे तर वरून-खालूनही, पुन्हा उभे करताना किती स्पीकर मांडावेत याची निवड. या पद्धतीतले मुद्रण स्पीकरांच्या संख्येला बांधलेले नसते; तेच मुद्रण चारांवर वाजते आणि आठांवरही.

पद्धतीचे जनकत्व सामान्यतः ऑक्सफर्डचे मायकेल गर्झन आणि रेडिंगचे पीटर फेलगेट यांना, १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले, असे दिले जाते. अमेरिकेत डुएन कूपर आणि ताकेओ शिगा यांनी १९७२ च्या सुमारास बरेचसे तेच गणित मांडले होते. काही जण याचे मूळ ॲलन ब्लमलाइन यांच्या १९३१ च्या स्टिरिओ पेटंट अर्जापर्यंत नेतात. ते फार ताणलेले वाटते. कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असे मानणे अधिक सयुक्तिक. उंचीसह ध्वनीची सविस्तर मांडणी मात्र गर्झन यांच्या १९७३ च्या निबंधातली.

ऑर्डर म्हणजे दिशा किती बारकाईने टिपायची याची पायरी. सपाट वर्तुळात पहिल्या ऑर्डरला मुद्रणाचे ३ चॅनेल लागतात, तिसरीला ७. उंची धरली तर अनुक्रमे ४ आणि १६. स्पीकर चॅनेलांहून कमी नसावेत, हे सर्वमान्य. पहिल्या ऑर्डरला तीन स्पीकर गणिताने पुरतात, पण आवाज जवळच्या खोक्याकडे ओढला जातो. चौरसात चार ही खरी सुरुवात. षटकोनात सहा मांडले की बाजूचे आवाज जागेवर बसतात. या पद्धतीत सगळेच स्पीकर एकत्र राबतात : मूळ डीकोडिंगमध्ये, म्हणजे चॅनेल स्पीकरांना वाटून देण्याच्या गणितात, तबला चौरसातल्या एका स्पीकरच्या नेमका दिशेला असेल तर त्या समोरच्या स्पीकरला त्याचा पाऊण भाग मिळतो, तर पाठीमागच्याला पाव भाग, तोही उलट्या फेजने (लाट उलटी करून).

स्पीकर जितके जास्त तितके चांगले, असे एक मत आहे. पहिल्या ऑर्डरपुरते ते स्वीकारणे कठीण. बारा लावले तर शेजारच्या स्पीकरांतून जवळजवळ एकच ध्वनी निघतो. मध्यापासून जरा सरकताच तो किंचित पुढेमागे पोचतो आणि वरचे स्वर बोथट होतात. तंबोऱ्याची जवारी सगळ्यांत आधी हरवते. ऑर्डर वाढवायची असेल तरच संख्या वाढवावी : तिसरीला सपाट वर्तुळात आठ. पहिल्या ऑर्डरला उंचीसाठी घनाच्या आठ कोपऱ्यांची मांडणी रूढ आहे.

१८८६ साली मौलाबक्ष यांच्या गायनशाळेने संगीतशिक्षणाची परंपरा सुरू झालेल्या वडोद्यात छोट्या मैफलीचे मुद्रण हे या पद्धतीचे फार सुंदर उदाहरण ठरावे, कारण तिथे दाद पाठीमागून आणि बाजूने येते. दांडिया बाजारसारख्या जुन्या मराठी वस्तीतल्या घराची बैठकीची खोली लांबट असेल, तर षटकोनाचा हट्ट न धरता आयताच्या चार कोपऱ्यांत स्पीकर ठेवून त्या आकाराचा डीकोडर वापरावा. कोपरे मध्यापासून सारख्याच अंतरावर येतात, आणि समोरासमोरच्या जोड्याही जुळतात. अडचण अशा खोलीच्या मध्ये टांगलेल्या झोपाळ्याची. पहिल्या ऑर्डरचे क्षेत्र ६०० हर्ट्झला मध्यबिंदूभोवती जेमतेम ९ सेंटीमीटर, म्हणजे एका डोक्यापुरते, अचूक असते. एका झोक्यात कान त्याबाहेर जातो. तिथे बसून ऐकायचे तर पाय जमिनीला टेकवून झोपाळा थांबवावा लागतो. तिसऱ्या ऑर्डरला हेच अंतर सुमारे २७ सेंटीमीटर होते.