शाब्दिक उदाहरणं (बेरीज-वजाबाकी) शिकवणं

नुसते आकडे न देता छोट्या गोष्टीतून विचारलेलं गणित म्हणजे शाब्दिक उदाहरण. पहिली-दुसरीपासून हे सुरू होतं. ८ + ५ मांडून दिलं की झटकन करणारं पोरगं तेच वाक्यात आलं की "बाई, बेरीज करू का वजाबाकी?" विचारतं, साताऱ्यापासून सांगली जिल्ह्यातल्या जतपर्यंत कुठल्याही झेडपी शाळेत जा, हे ऐकू येणारच.

गोष्टी साधारण तीन तऱ्हेच्या: काहीतरी येतं किंवा जातं, दोन गट एकत्र होतात, नाहीतर दोन गटांची तुलना असते. पण सोपं-अवघड ठरतं ते शोधायचं काय आहे त्यावर. "बॉक्समध्ये १२ कंदी पेढे होते, ५ खाल्ले, किती उरले?" हे बहुतेकांना जमतं. "काही पेढे होते, ५ खाल्ले, ७ उरले, तर आधी किती होते?" इथं गाडी अडते, कारण गोष्टीत पेढे कमी होतायत आणि करायची मात्र बेरीज. म्हणजे "उरले आलं की वजाबाकी, एकूण आलं की बेरीज" हा घरीदारी सगळे सांगतात तो शॉर्टकट इथं सपशेल आपटतो. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला १९८० च्या सुमारास मुलांना विचारलेलं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या, तर कप्तानाचं वय किती? मेंढ्या-बकऱ्यांचा वयाशी काही संबंध नसताना बऱ्याच जणांनी आकडे जोडून ३६ सांगून टाकलं!

तुलनेची उदाहरणं सगळ्यात चिवट. हडसन नावाच्या संशोधकानं १९८३ मध्ये दाखवलं की "पक्षी अळ्यांपेक्षा किती जास्त?" ला अडणारी लहान मुलं "प्रत्येक पक्ष्यानं एक अळी पकडली तर किती पक्ष्यांना मिळणार नाही?" असं विचारल्यावर बरोबर सांगतात. त्यामुळं आधी जोड्या लावायला द्यायच्या, "किती जास्त" नंतर.

शिकवताना आधी आकडे झाकून गोष्ट पोराच्या तोंडून वदवून घ्यायची, कोणाकडं काय होतं, मग काय झालं, आता काय विचारलंय. मग चिंचोके मांडायचे, मग वहीत रेघोट्या, आणि चिन्ह सगळ्यात शेवटी. घाई होते ती इथंच, चिंचोके एक दिवस मांडले की दुसऱ्या दिवशी लगेच पाटीवर उभी मांडणी. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं अशा पद्धतीसाठी गाजल्या, राज्यभरातून शिक्षक बघायला यायचे, तिथंही भर असाच वस्तू हाताळण्यावर होता.

पोरांच्या स्वतःच्या रीतीही बघाव्यात. आठवडी बाजारात आईजवळ भाजी विकायला बसणारं पोरगं ३२ रुपयांची भाजी आणि ५० ची नोट असेल तर उसने-बिसने घेत बसत नाही, ३२ चे ४० करायला ८, पुढं ५० ला १०, झाले १८ परत. हीच रीत वर्गात चालत नाही असं सांगणं म्हणजे कमालच.

जत भागात घरी कन्नड बोलणारी पोरं मराठी शाळेत असतात, त्यांचं बऱ्याचदा गणितात नाही, वाचनात अडतं. तेच उदाहरण तोंडी सांगितलं की उत्तर येतं. त्यामुळं चाचणीत उदाहरण एकदा मोठ्यानं वाचून दाखवणारे शिक्षक बरोबरच करतात, बाकीचे त्याला मदत म्हणोत की कॉपी.