पाकीट बारीक कसं होत गेलं

खिशात असून नसल्यासारखी वाटणारी पाकिटं आता कोणत्याही दुकानात मिळतात. कोणी नुसता कार्डहोल्डर घेतं, कोणी नोटा धरणारी क्लिप, कोणी धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये इलॅस्टिक असलेलं. घेताना आपण रंग बघतो, चामडं दाबून बघतो, शिवण बघतो. पण पाकिटाचं माप आवडीनिवडीवर फार कमी वेळा ठरलं आहे. आत जे जायचं, त्यानेच ते ठरवलं. आपल्या खिशात काय काय येऊन गेलं हे ठाऊक असलं, की लहान पाकीट निवडणं पुष्कळ सोपं होतं.

सुरुवात चांदीपासून करावी लागते. १८३५ च्या आधी आपल्याकडे इतक्या टाकसाळींचे इतके रुपये चालत, की प्रत्येक व्यवहारात सराफाकडून नाणं पारखून घ्यावं लागे आणि झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर बट्टा द्यावा लागे. नावाला बट्टा लागतो तो हाच. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. शेर होता ८० तोळ्यांचा, त्यामुळे ऐंशी रुपये तागडीत टाकले की शेरभर वजन भरे. शंभर रुपये घेऊन निघालेला माणूस कमरेला एक किलो १६६ ग्रॅम चांदी बांधून चालत असे. हे वजन कुठल्या खिशाने पेललं असतं? म्हणून ‘कसा’ वापरत. लांबट, अरुंद कापडी पिशवी. पैसे भरायचे, कमरेभोवती वेढायची आणि गाठ मारायची. त्याहून मोठी रक्कम असली तर पैसे हलतच नसत, हुंडी, म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, जाई.

खुर्द्याची तऱ्हा वेगळी. एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. ही मोड धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या कनवटीला खोचलेली असे, बायकांच्या पदराच्या गाठीत असे, बटव्यात असे. आणि चंचीत असे. चंची मला या सगळ्या गोतावळ्यातली सर्वात हुशार वस्तू वाटते. कापडाचे चार-सहा कप्पे, पानाला एक, सुपारीला एक, तंबाखूला एक, चुन्याच्या डबीला एक, एखाद्या कोपऱ्यात दोन आणे. गुंडाळी केली, दोरी बांधली, की मुठीत मावते. प्रत्येक गोष्टीला जागा आणि नको ते काही नाही. आजची मिनिमलिस्ट पाकिटं हेच करू बघतात.

कागद आला १८६१ च्या कायद्याने. सरकारी नोटा निघाल्या, पण सुरुवातीला सर्वात लहान नोटच दहा रुपयांची होती आणि तीही आपापल्या मंडळातच कायदेशीर: कलकत्त्याची तिकडे, मुंबईची इकडे. टपालाने पैसे पाठवताना लोक नोट मधोमध कापत. अर्धा तुकडा आधी धाडायचा, तो पोचल्याचं कळलं की उरलेला. सामान्य माणसाच्या हातात कागदी पैसा खऱ्या अर्थाने आला तो पहिल्या महायुद्धात. चांदीचा तुटवडा पडला आणि ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट निघाली. १९२८ पासून तर नाशिकच्या छापखान्यात नोटा छापल्या जाऊ लागल्या. कागदाला वजन नसतं, पण त्याला सपाट ठेवावं लागतं, ओल लागू द्यायची नसते, घडी नीट पडावी लागते. कसा आणि कनवटी यांना ते जमणारं नव्हतं. कपडेही बदलत होते. शर्ट आणि पँट आली, तिला मागे खिसा आला. त्या खिशातलं ते पाकीट. टपालाचंही पाकीट आणि पैशाचंही पाकीटच, हा एक शब्द आपण इंग्रजीतून उचलला आणि दोन्हीकडे वापरला.

ज्या दुघडी पाकिटाला आपण ‘साधं पाकीट’ म्हणतो, त्याचा आकार मात्र अमेरिकेतला. १९२९ साली तिथल्या सरकारने डॉलरची नोट लहान केली: १५६ बाय ६६ मिलिमीटर. पाकिटं त्या मापाभोवती बेतली गेली. १९५० साली न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं उधारीचं कार्ड सुरू झालं, तेव्हा ते पुठ्ठ्याचं होतं. पुढे प्लास्टिक आलं आणि माप जगभर एक झालं: ८५.६ बाय ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६. आजचं प्रत्येक छोटं पाकीट या आयताभोवती घातलेला अंगरखा आहे. आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड आणलं, १९८७ साली मुंबईत पहिलं एटीएम बसलं.

कार्डांनी पाकीट बारीक व्हायला हवं होतं. आपल्याकडे ते फुगलं.

माझ्या बाबांचं पाकीट मला डोळ्यांसमोर दिसतं. लोकलचा पास आणि त्याचं फोटोचं ओळखपत्र, दोन्ही एका प्लास्टिकच्या कव्हरात. त्यामागे लायसन्स, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, दोन बँकांची कार्डं, एटीएमच्या अक्षरं उडालेल्या चिठ्ठ्या, डॉक्टरांची चौघडी घातलेली चिठ्ठी, गणपतीचा फोटो. वर्षानुवर्षं मागच्या खिशात राहून चामड्यावर बाहेरून पासाचा चौकोन उमटला होता. पुढे आधार आलं; पत्राचा खालचा तुकडा कापून लॅमिनेट केला, तर त्याची प्लास्टिकची कड कार्डाच्या कप्प्यात शिरेना, म्हणून तो नोटांच्या कप्प्यात गेला. गाडीत बसताना बाबा एका बाजूला कलून बसत. हे दुखणं डॉक्टरांना नवं नव्हतं. मागच्या खिशातल्या जाड पाकिटामुळे कुल्ल्यातला स्नायू सायटिक नसेवर दाबला जातो आणि कळ पायात उतरते, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९७८ सालीच छापून आलं होतं.

बारीक पाकिटाची आजची लाट इथली नव्हे. ऑस्ट्रेलियातली बेलरॉय ही कंपनी २०१० साली ‘पाकीट सडपातळ करा’ हेच सांगत उभी राहिली. अमेरिकेतल्या रिज कंपनीने २०१३ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून धातूच्या पट्ट्यांचं पाकीट काढलं. वस्तू उत्तम, पण ती आपल्या नोटेसाठी नव्हती. याचा हिशोब मी एकदा फूटपट्टी घेऊन जेवणाच्या टेबलावर मांडला. जुनी पाचशेची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटर. तिची तिघडी घातली की एक बाजू ५५.७ होते आणि कार्ड आहे ५४ चं. पावणेदोन मिलिमीटर नोट बाहेर. हजाराची १७७ ची, ती तर ५९ ला जाई. चौघडी बसायची, पण एकेका नोटेचे चार पदर होऊन बारीक पाकीट बारीक राहायचंच नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीची आठवण लोकांना रांगांची आहे, आणि ती तशीच असायला हवी. त्या रांगांमध्ये माणसांचे फार हाल झाले. पण त्यानंतर आलेल्या नोटांनी खिशाचंही गणित बदललं, हेही खरं. नवी पाचशेची १५० बाय ६६, दोनशेची १४६, शंभराची १४२. रुंदी आता डॉलरएवढीच, ६६. पाचशेची तिघडी घाला: ५० बाय ६६. कार्डाच्या मागे ती पूर्ण लपते आणि वर चार मिलिमीटर जागा उरते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत यूपीआय सुरू झालं होतं. भाजीवाल्याच्या हातगाडीवर क्यूआर कोड लागला आणि खिशातल्या नोटांची संख्याच घटली. २०१८ मध्ये मोटार वाहन नियम बदलले. डिजिलॉकर या सरकारी ॲपमधलं लायसन्स आणि आरसी पोलिसांना दाखवलेलं चालू लागलं. २०२० पासून आधारही कार्डाच्या मापाचं, पीव्हीसी प्लास्टिकचं मिळू लागलं. बाबांच्या पाकिटातलं निम्मं सामान असं एकेक करून उठून गेलं.

म्हणून आज पाकीट घेताना कप्पे मोजण्याआधी टेबलावर आपलं सामान मांडा. रोज खरोखर लागणारी कार्डं बहुतेकांची दोन किंवा तीन भरतात. मग दुकानात पाचशेची तिघडी घालून ती पाकिटात सरकवून बघा; अडली, तर ते पाकीट दुसऱ्या कुठल्या देशाच्या नोटेचं आहे. चामडं घेणार असाल तर धारावीत एक फेरी मारा. तिथले कारागीर समोर बसून कड कशी दुमडली आणि कशी शिवली ते दाखवतात, आणि बारीक पाकिटाचा जीव त्या कडेतच असतो. जाड चामडं दुमडलं की कडेला चार थर होतात. ‘आरएफआयडी सुरक्षा’ लिहिलेल्या, म्हणजे कार्डाची माहिती कोणी दुरून चोरू नये म्हणून बनवलेल्या पाकिटाला मी जास्त पैसे देणार नाही. टॅप करायचं कार्ड काही सेंटिमीटरवरच बोलतं, आणि ती सोय बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येते.

राहिली नाणी. दहाचं नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं, ७.७१ ग्रॅमचं, पाच नाणी झाली की जवळजवळ ३९ ग्रॅम, आणि कार्डाच्या पाकिटात त्यांना जागाच नाही. तरी एसटीत, देवळात, सार्वजनिक शौचालयाच्या दारात ती लागतात. कार्डहोल्डरला नाण्यांचा कप्पा जोडून घेतला की तो पुन्हा फुगतो, तेव्हा ती वेगळीच ठेवावीत. माझी आई अजून कापडी बटव्यात ठेवते, पिशवीच्या आतल्या बंदाला बांधून.